मुलाच्या रक्तातलं शिसं: कोणाला सांगायचं, किती सांगायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहते. आमचं घर इथल्या राष्ट्रीय आरोग्य सर्व्हेसाठी (नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्वे, म्हणजे एनहेन्स) निवडलं गेलं. माझी आणि तीन वर्षांच्या मुलाची निवड झाली, नवऱ्याची झाली नाही. सर्व्हेच्या फिरत्या तपासणी ट्रेलरमध्ये रक्त, लघवी, वजन-उंची सगळं झालं आणि पुढे टपालाने निकाल आले. मुलाच्या रक्तात शिसं ६.२ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं आहे, माझ्या रक्तात १.८. पत्रात ३.५ ही पातळी दिली आहे. सासूबाई पुण्याहून सुटी हळद पाठवतात. या खेपेची हळद आम्ही नणंदेला आणि मंडळातल्या तीन घरांना वाटली. नणंद पाच महिन्यांची गरोदर आहे. मला वाटतं पत्राचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून सगळ्यांना सावध करावं. नवरा म्हणतो, कोणाला काही सांगू नकोस: आईला वाईट वाटेल, लोकांत चर्चा होईल, आणि आपलं व्हिसाचं काम चालू असताना सरकारी सर्व्हेचा कागद बाहेर कशाला? आम्ही १९५० च्या दशकातल्या भाड्याच्या घरात राहतो. आणखी एक शंका: प्लास्टिकमधल्या रसायनांसाठी लघवी घेतली होती, त्याचे निकाल आलेच नाहीत. ते लपवले का?

उत्तर:

सगळ्यात आधी नणंदेला फोन करा. आजच. हळदीत शिसं आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि तिला तसंच सांगा. "आमच्या मुलाचं शिसं वाढलेलं आलंय, कारण माहीत नाही, पण आईंनी पाठवलेली हळद तूर्त वापरू नकोस, टाकूनही देऊ नकोस, आणि तुझ्या डॉक्टरांना शिशाची रक्ततपासणी मागून घे," एवढं पुरे. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. शिवाय गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं तेव्हा तिथे साठलेलं जुनं शिसंही रक्तात येतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकलं जात होतं, त्यामुळे तिथल्या शहरांत वाढलेल्या आपल्या पिढीच्या हाडांत थोडंफार शिसं असणं नवलाचं नाही. म्हणून गरोदर बाईच्या बाबतीत हळदीचा निकाल येईपर्यंत थांबणं मला योग्य वाटत नाही. एक रक्ततपासणी आणि हळदीचा एक डबा बाजूला ठेवणं, एवढाच त्रास आहे.

आता तुमच्या पत्राकडे वळू. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघेही एक गोष्ट धरून चालला आहात, की दोषी हळदच आहे. तुम्हाला ती जाहीर करायची आहे आणि त्यांना झाकायची आहे. पण तुमच्याच पत्रातले दोन आकडे वेगळी शक्यता दाखवतात. घरात हळद जास्त कोण खातं? बहुधा तुम्ही. तुमचा आकडा १.८ आहे आणि मुलाचा ६.२. लहान मुलाच्या आतड्यातून शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं, त्यामुळे एकाच पानातलं जेवूनही एवढा फरक पडू शकतो, हे खरं. पण आई कमी आणि मूल जास्त असं दिसलं की या विषयातली माणसं आधी जमिनीकडे आणि खिडक्यांकडे पाहतात. तीन वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. तुमचं घर त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीचं आहे. जुन्या सरकत्या खिडक्या वर-खाली करताना चौकटीचा रंग घासला जातो आणि त्याची बारीक धूळ खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून जमिनीवर पडते. ती नुसत्या डोळ्यांना साधी धूळच दिसते. उद्या ग्रुपवर हळदीचं नाव गेलं, सगळ्यांनी हळद बदलली आणि तुमच्या मुलाचं शिसं खिडकीतूनच येत राहिलं, तर केवढं नुकसान!

मग ३.५ या आकड्याचा अर्थ काय? ती सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली रेघ नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी लहान मुलांसाठी कोणी ठरवू शकलेलं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ साली हा आकडा ठरवला. याच एनहेन्स सर्व्हेच्या २०१५ ते २०१८ च्या माहितीवरून एक ते पाच वर्षांच्या मुलांतल्या वरच्या अडीच टक्क्यांची हद्द तिथे येते, म्हणून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे तुमच्या मुलासारख्याच मुलांच्या रक्तावरून ती रेघ आखली आहे. १९७६ ते १९८० च्या फेरीत याच वयाच्या अमेरिकी मुलांची मधली पातळी १५ च्या आसपास होती, आज ती १ च्याही खाली आहे. पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं तसं मुलांच्या रक्तातलंही उतरलं, हे त्या फेरीने दाखवलं आणि शिसं काढून टाकण्याच्या निर्णयाला त्याने बळ मिळालं. तेव्हा ६.२ म्हणजे आज इथल्या बहुतेक मुलांपेक्षा बरंच जास्त, कारण शोधलंच पाहिजे इतकं जास्त. पण दवाखान्यात भरती करण्याइतकं नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं साधारणपणे ४५ आणि त्यावरच्या आकड्यांना देतात. ६.२ ला 'डिटॉक्स'ची पावडर, कोथिंबिरीचा रस, केसांची तपासणी यांपैकी काही करू नका. त्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात, आणि तेवढे दिवस शिसं येतच राहतं.

सर्व्हेने रक्त शिरेतून घेतलेलं असतं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरच्या धुळीतलं शिसं मिसळून खोटा जास्त आकडा येऊ शकतो, तशी शक्यता इथे कमी. पण नमुना काही आठवड्यांपूर्वीचा आहे, आणि रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होऊ शकतं, किंवा कारण घरातच असेल तर वाढूही शकतं. म्हणून ते पत्र मुलाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. निकाल तुमच्या नावाने येतात, डॉक्टरांकडे आपोआप जात नाहीत, आणि पुष्कळ लोक इथेच चुकतात: कागद फाइलला लावून ठेवतात आणि डॉक्टरांना कळलं असेल असं धरून चालतात. ३.५ ते ९ या टप्प्यासाठी शिरेतल्या रक्ताची फेरतपासणी तीन महिन्यांच्या आत करतात. १० ते १९ असेल तर एक ते तीन महिन्यांत, २० च्या वर दोन आठवडे ते महिन्याभरात, ४५ च्या वर लगेच. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) मागा. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, आणि दुधावर पोट भरणाऱ्या, भाजी बाजूला सारणाऱ्या मुलांत लोह कमी असणं अगदी नेहमीचं आहे. नाचणीचं सत्त्व, डाळी, पालेभाजी आणि वर लिंबू, हे चालू ठेवा. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी खायला द्या.

व्हिसाबद्दलची भीती समजण्यासारखी आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. सर्व्हेला दिलेली तुमची ओळख पटवणारी माहिती पब्लिक हेल्थ सर्व्हिस अॅक्टच्या कलम ३०८(डी) खाली बंदिस्त आहे. ज्या कामासाठी घेतली त्याव्यतिरिक्त, तुमच्या संमतीशिवाय ती दुसऱ्या कोणत्याही सरकारी कामासाठी वापरता येत नाही. मात्र ही बंदी सर्व्हे चालवणाऱ्यांवर आहे, तुमच्यावर नाही. स्वतःचा निकाल कोणाला सांगायचा ते तुमच्या हातात आहे. डॉक्टरांकडची फेरतपासणी ही वेगळी, वैद्यकीय नोंद असते. बहुतेक राज्यांत प्रयोगशाळा मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे राज्याच्या आरोग्य खात्याला कळवतात. हे तुमच्या यजमानांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे खात्याकडून फोन आला तर ते दचकणार नाहीत. तो फोन मदतीचा असतो. पुष्कळ ठिकाणी खात्याचा माणूस घरी येऊन क्ष-किरणांच्या यंत्राने रंग तपासतो, धुळीचे नमुने घेतो, मसाले आणि भांडीही पाहतो. खात्याचा फोन आला नाही तर तुम्ही करा. डॉक्टरांना पुढे काय करायचं याची खात्री नसेल तर बालकांच्या पर्यावरणीय आरोग्यासाठी प्रत्येक विभागात तज्ज्ञ केंद्रं आहेत, त्यांना पेहसू म्हणतात. तिथे डॉक्टर आणि पालक दोघेही विचारू शकतात. विषबाधेची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-२२२-१२२२ ही दिवसरात्र चालू असते.

घरमालकालाही सांगा, लेखी. १९७८ आधीचं घर भाड्याने देताना शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत आहे ते सांगण्याचं आणि माहितीपत्रक देण्याचं बंधन त्यांच्यावर आहे. करारासोबत तो कागद होता का, ते शोधा. तोवर रंग स्वतः खरवडू नका, घासू नका. त्याने मुलाचा आकडा झपाट्याने वाढू शकतो. खिडकीचे कट्टे आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू आणि साधा व्हॅक्यूम बारीक धूळ हवेत उडवतात. पलंग किंवा खेळण्याची जागा खिडकीखाली असेल तर हलवा. चपला दाराबाहेर, हे आपल्याकडे असतंच. पाण्यासाठी शिशाला चालणारा, एनएसएफ ५३ प्रमाणित फिल्टर लावा, स्वयंपाकाला थंड पाण्याचाच नळ वापरा, आणि पाणी उकळून शिसं जाईल असं समजू नका, उलट ते आटून दाट होतं.

आता हळद. तिला निर्दोषही ठरवत नाही. हळकुंडांना पॉलिश करताना पिवळा रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) चोळण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी उघड केला, आणि पुढे सरकारी कारवाईनंतर तो तिथे जवळजवळ थांबला. भारतातल्या काही शहरांतल्या हळदीतही नंतर असं शिसं सापडलं आहे. हिशोब करून पाहा. पाव चमचा हळदीचं वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास. वरण-भाजी मिळून मुलाच्या वाट्याला दिवसाला पाव ग्रॅम आली असं धरू. भेसळीच्या हळदीत १०० पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅम, शिसं असेल तर पोटात २५ मायक्रोग्रॅम गेलं. चांगल्या हळदीत २ पीपीएम असेल तर अर्धा मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठेवली आहे. भारतात हळदीला कायद्याने १० पीपीएमपर्यंत मुभा आहे, म्हणजे नियमात बसणारी हळदसुद्धा या हिशोबाने एकटीच २.५ पर्यंत पोहोचू शकते. रंगावरून किंवा वासावरून यातलं काही कळत नाही. ग्लासभर पाण्यात हळद टाकून पाहण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांनीही कळत नाही. भिंतीच्या रंगातलं शिसं तपासायला विकल्या जाणाऱ्या काड्या मसाल्यावर चालत नाहीत. आयसीपी-एमएस यंत्रावर जड धातू तपासणाऱ्या मान्यताप्राप्त अन्नप्रयोगशाळेत नमुना पाठवा. आधी आरोग्य खात्याला विचारा, काही ठिकाणी ते स्वतः तपासून देतात. दोन-तीन मोठे चमचे हळद स्वच्छ पिशवीत, आणि मूळ पाकीट, पावती, दुकानाचं नाव, तारीख हे सगळं जपून ठेवा. घाबरून डबा कचऱ्यात टाकणारे फार. मग नेमका प्रश्न उरतो आणि तपासायला काही उरत नाही.

देवघरातला शेंदूर वेगळा ठेवा. मारुतीला, गणपतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड असू शकतो. न्यू जर्सीत आणि भारतात विकल्या जाणाऱ्या शेंदराच्या शंभराहून अधिक नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यांतल्या बहुतेकांत शिसं होतं. हात लावला तर साबणाने धुवा, आणि तो मुलाच्या हाती लागणार नाही इतका उंच ठेवा. बाजारचं काजळ आणि सुरमा मुलाला नको. भस्म आणि 'रस' म्हणून येणारी औषधं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात नकोत. नागभस्म हे शिशाचंच भस्म आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि हिंडालियमची कढई, कुकर, पातेली आणली असतील तर त्यात आमटी, चिंचेचं सार, टोमॅटो शिजवणं थांबवा. आंबट पदार्थात अशा भांड्यांतून शिसं उतरू शकतं, एफडीएने २०२५ साली त्याबद्दल इशारा दिला. स्टीलचं पातेलं सगळ्यात निर्धोक.

सासूबाईंना काय सांगायचं हा तुमच्या यजमानांचा प्रश्न आहे, आणि फोनही त्यांनीच करावा. सुनेच्या तोंडून "तुमच्या हळदीत विष आहे" असं गेलं की पुढचं काही ऐकलं जाणार नाही. त्यांनी एवढंच म्हणावं: "आई, बाळाच्या रक्तात शिसं जास्त आलंय. डॉक्टर घरातली प्रत्येक वस्तू विचारतायत. ती हळद कुठल्या दुकानातून घेतली, सुटी की पाकिटातली, आणि तू स्वतः तीच वापरतेस का?" शेवटचा प्रश्न विसरू नका. त्या पुण्यात तीच हळद रोज खात असतील तर काळजी त्यांचीही आहे, आणि आजीला ते चटकन समजेल.

तीन घरांना आजच वेगवेगळा फोन करा, नणंदेला सांगितलं त्याच शब्दांत. त्यांच्याकडे तोच डबा आहे, त्यांना कळण्याचा हक्क आहे, आणि "बदनामी होईल" हे कारण इथे लागू पडत नाही. उद्या त्यांच्या मुलाचा आकडा कळला आणि तुम्ही महिनाभर गप्प होतात हेही कळलं, तर चर्चा होईल ती त्याची.

मंडळाच्या ग्रुपवर पत्राचा फोटो टाकू नका. त्यावर मुलाचं नाव, वय, तपासणीचे इतर आकडे आहेत. ते एकदा फिरले की परत घेता येत नाहीत, आणि त्याने संमती दिलेली नाही. "आपल्या लोकांच्या मुलांत शिसं जास्त असतं" असा निष्कर्षही काढू नका. या सर्व्हेत २०११ पासून आशियाई वंशाच्या लोकांची निवड मुद्दाम जास्त केली जाते, पण निकालात भारतीय, चिनी, फिलिपिनो सगळे एकाच गटात असतात. मराठी मुलांबद्दल त्यातून काही कळत नाही, आणि एका घराच्या निकालावरून तर नाहीच. मात्र गप्पही बसू नका. असा निरोप पुरेसा होईल:

"आमच्या मुलाच्या रक्ततपासणीत शिसं जास्त आलं आहे. तब्येत ठीक आहे. कारण अजून कळलेलं नाही. घराचा जुना रंग, पाणी, भांडी, मसाले, सगळं तपासतो आहोत. ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे, आणि घर १९७८ च्या आधीचं आहे किंवा भारतातून सुटे मसाले, शेंदूर, भस्माची औषधं, हिंडालियमची भांडी आणली आहेत, त्यांनी डॉक्टरांकडे शिशाची रक्ततपासणी मागावी. कृपया अजून कोणत्याही दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव घेऊ नका. प्रयोगशाळेचा कागद आला की तो इथे सांगू."

शेवटचं वाक्य पाळा. हळद शुद्ध निघाली तरी तितक्याच ठळकपणे सांगा. दूषित निघाली तर पाकिटाच्या आणि पावतीच्या फोटोसह एफडीएच्या ग्राहक तक्रार विभागाला आणि राज्याच्या आरोग्य खात्याला कळवा, आणि पुण्यात सासूबाईंना अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

राहिली लघवीची शंका. निकाल लपवलेला नाही. प्लास्टिकमधली रसायनं, कीटकनाशकं वगैरेंच्या बऱ्याचशा तपासण्या सर्व्हेतल्या सगळ्यांच्या होत नाहीत, साधारण एक तृतीयांश लोकांच्याच होतात, आणि त्याही नंतर, सवडीने. अमुक आकडा आला तर डॉक्टरांनी काय करायचं, हे त्यांतल्या बहुतेकांसाठी ठरलेलं नाही. म्हणून ते आकडे घरी पाठवत नाहीत, पूर्ण लोकसंख्येचे तक्ते म्हणून छापतात. शिसं, पारा, कॅडमियम यांचं तसं नाही, तिथे करण्यासारखं काही असतं, म्हणून ते तुम्हाला कळवले. संमतिपत्राच्या प्रतीत हे लिहिलेलं असतं, एकदा काढून वाचा.

फेरतपासणीची तारीख आजच घ्या. तोवर कारण सापडलं आणि दूर केलं, तरी तीन महिन्यांत आकडा ६.२ वरून १ वर येणार नाही, कारण हाडांत गेलेलं शिसं हळूहळू रक्तात परत येत राहतं. ४.८ आला तर कारण योग्य सापडलं असं समजा आणि पुढची तारीख घ्या. तेवढाच राहिला किंवा वाढला तर हळदीचा विचार बाजूला ठेवून खिडक्यांपासून पुन्हा सुरुवात करा, आणि मुलाचं पाळणाघर, आजूबाजूची माती, घरातल्या कोणाचं रंगकामाचं किंवा बॅटरीचं काम, हेही डॉक्टरांना सांगा.